व्हाउचरवर दिलेलं घर

2023 च्या फेब्रुवारीत आम्ही आमचं जुनं घर भाड्याने द्यायला काढलं. जाहिरात टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. तीन मुलं आहेत, नर्सिंग होममध्ये काम करते, शाळा बदलायची नाही म्हणून याच गावात घर हवंय, एवढं सांगून त्या थांबल्या. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "माझ्याकडे सेक्शन एटचं व्हाउचर आहे. तुम्ही घेता का?" सेक्शन एट म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबाच्या घरभाड्याचा काही वाटा सरकार थेट मालकाला देतं ती अमेरिकेतली योजना.

मी "पुन्हा फोन करते" म्हणाले आणि ठेवून दिला. पुढचा तासभर मी नाही म्हणायला बरं कारण शोधत होते.

सध्या आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांकडे दुसरं घर आहे आणि व्हाउचरवर घर द्यावं का, हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं. म्हणून हे एकच प्रकरण पहिल्यापासून, पैशांसकट लिहून ठेवतेय. बाईंच्या घरची माहिती उघड होऊ नये म्हणून आकडे थोडे पुढे-मागे केलेत. गणित मात्र तेच आहे.

घर आणि धास्ती

घर मध्य न्यू जर्सीत, 1956 साली बांधलेलं, तीन बेडरूमचं, खाली बेसमेंट. आम्ही ते 2009 मध्ये घेतलं. सासूबाईंच्या गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून 2022 मध्ये तळमजल्यावर बेडरूम असलेल्या घरात राहायला गेलो. जुनं घर विकावंसं वाटेना. बँकेचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स आणि विमा मिळून महिन्याला 2,180 डॉलर जात होते. म्हणजे घर दोन महिने रिकामं राहिलं तरी आमचं कंबरडं मोडणार होतं.

सेक्शन एटचं नाव काढल्यावर आमच्या गोटात सगळ्यांचं एकच म्हणणं. "नको बाई, घराची वाट लावतात." एकीने तर तयार वाक्यच दिलं, "सांग की घर गेलं म्हणून." डॅलसच्या दादाला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, आमच्याकडे सरळ जाहिरातीतच लिहितात, व्हाउचर चालणार नाही. तूही लिही."

दादाचं टेक्ससपुरतं बरोबर होतं. तिथे 2015 च्या कायद्याने शहरांनाच अडवलंय. व्हाउचर नाकारणाऱ्या मालकाला शहराने मनाई करायची नाही (माजी सैनिकांच्या व्हाउचरचा तेवढा अपवाद). न्यू जर्सीत मात्र उलटं आहे. 2002 पासून भेदभावविरोधी कायद्यात 'उत्पन्नाचा कायदेशीर स्रोत' हाही मुद्दा आहे. वंश, धर्म यांवरून जसं घर नाकारता येत नाही, तसं भाडं व्हाउचरमधून येतंय एवढ्यावरूनही नाकारता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला 10,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. दोन बिऱ्हाडांच्या घरात एका बाजूला मालक स्वतः राहत असेल तर त्याला सूट आहे, पण आम्ही त्यात बसत नव्हतो. "घर गेलं" असं खोटं सांगणं हे नुसतं वाईट नव्हतं, ते बेकायदा होतं. हे मला त्या रात्री राज्याच्या नागरी हक्क विभागाचं पान वाचताना कळलं, आणि माझ्या मैत्रिणी वर्षानुवर्षं हेच करत आल्यात हेही त्याच वेळी लक्षात आलं.

या धास्तीचं मूळ आपल्याकडेही आहे असं मला वाटतं. आजोबांच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेलं भाडं, कोसळायला आलेली भिंत, आणि कोणी काही दुरुस्त करायचं नाही, असं मी लहानपणी बघितलंय. भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही हे आपल्या हाडांत भिनलेलं आहे. इथे आल्यावर ती भीती नेमकी गरीब भाडेकरूवर जाऊन बसते. खरं तर न्यू जर्सीत 1974 पासून बहुतेक भाडेकरूंना, व्हाउचर असो वा नसो, कायद्यात दिलेल्या कारणाशिवाय काढताच येत नाही. लीज संपलं हे कारण पुरत नाही. म्हणजे ज्या आयटीवाल्या जोडप्याला घर देताना आपल्याला काही वाटत नाही, त्यांनाही हेच संरक्षण आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन करून शनिवारी घर बघायला बोलावलं.

योजना चालते कशी

'सेक्शन एट' हे नाव 1937 च्या गृहनिर्माण कायद्यातल्या आठव्या कलमावरून पडलं. 1974 मध्ये ते कलम नव्याने लिहिलं गेलं आणि खाजगी मालकांच्या घरांचं भाडं सरकारने अंशतः भरण्याची सोय झाली. आजचं 'हाउसिंग चॉइस व्हाउचर' हे रूप 1998 च्या कायद्यानंतरचं. पैसा केंद्राच्या हड (गृहनिर्माण) खात्याचा, कारभार मात्र देशभरातल्या सुमारे 2,000 स्थानिक हाउसिंग एजन्सींचा. म्हणून एका गावातला अनुभव शेजारच्या गावात जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. सुमारे 23 लाख कुटुंबं यात आहेत. तरीही घरभाड्याच्या मदतीला पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच केंद्राची मदत मिळते. बाकीच्यांची नावं वर्षानुवर्षं यादीत राहतात, किंवा यादीच बंद असते.

आमच्या बाई सहा वर्षं यादीत होत्या. व्हाउचर हातात पडलं की घर शोधायला किमान 60 दिवस मिळतात. मुदतवाढ देणं एजन्सीच्या हातात. त्या मला भेटल्या तेव्हा त्यांचा एक्केचाळिसावा दिवस होता. फोनवरचा तो खालचा आवाज कुठून आला होता हे मला तेव्हा कळलं.

एक गोष्ट मालकांनी नीट समजून घ्यावी. एजन्सी फक्त कुटुंबाची पात्रता बघते. हा भाडेकरू म्हणून चांगला आहे का, हे बघण्याचं काम मालकाचंच. आम्ही इतर कोणाचं बघितलं असतं तसंच बघितलं. आधीच्या दोन घरमालकांशी बोललो. भाडं वेळेवर, शेजाऱ्यांची तक्रार नाही, घर विकायचं असल्याने सोडायला सांगितलंय, असं शेवटच्या मालकाने सांगितलं. न्यू जर्सीत दोन बंधनं लक्षात ठेवावी लागतात. 2022 पासून अर्जाच्या पहिल्या टप्प्यात गुन्हेगारी नोंदीबद्दल विचारता येत नाही. आणि 'भाड्याच्या तिप्पट उत्पन्न हवं' अशी अट व्हाउचरवाल्याला लावायची तर ती भाडेकरूच्या वाट्याच्या भाड्यापुरतीच धरायची, पूर्ण भाड्यावर नाही. हे दुसरं बंधन बऱ्याच एजंटांनाही माहीत नसतं.

भाडं ठरलं कसं

आम्ही 2,600 मागितले. इथे दोन चाळण्या लागतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली चाळणी 'वाजवी भाड्या'ची. आसपासच्या, व्हाउचर नसलेल्या, तशाच घरांना काय भाडं मिळतं ते एजन्सी बघते आणि त्याहून जास्त मंजूर करत नाही. आम्हाला त्यांनी 2,375 सांगितले. मी गप्प बसले असते तर तेच राहिलं असतं. पण नवरा म्हणाला, "अगं, त्यांनी कुठली घरं धरली ते तरी विचार." विचारलं तर त्यातलं एक घर बेसमेंट नसलेलं, दुसरं हायवेला लागून. आम्ही आमच्या वाडीतली तीन घरं, जाहिरातीच्या प्रतींसह, बेडरूम, बाथरूम, बांधकामाचं साल लिहून पाठवली. आठवड्याने 2,450 मंजूर झाले.

दुसरी चाळणी कुटुंबाच्या खिशाची. ती हिशेबानेच सांगते. दर बेडरूम-संख्येला एजन्सीचा एक 'पेमेंट स्टँडर्ड', म्हणजे मदत मोजताना धरायचा कमाल खर्च, असतो. हड दरवर्षी जे बाजारभाडं जाहीर करतं त्याच्या साधारण 90 ते 110 टक्क्यांत तो ठरवतात. समजा तीन बेडरूमला तो 2,700 आहे. भाडं 2,450. वीज, गॅस, पाणी भाडेकरू भरणार, त्याचा एजन्सीच्या तक्त्यातला अंदाज 260. म्हणजे घराचा एकूण खर्च 2,710. कुटुंबाचं मुलांसाठीची वगैरे वजावट जाऊन महिन्याचं उत्पन्न 1,900 धरलं, तर त्याचे 30 टक्के, म्हणजे 570, हा कुटुंबाचा पायाभूत वाटा. एजन्सी 2,700 वजा 570, म्हणजे 2,130 देते. बाई आम्हाला 320 देतात आणि बिलं स्वतः भरतात. स्टँडर्डच्या वरचे 10 डॉलर त्यांच्याच खिशातून जातात.

घर पहिल्यांदा घेताना खर्च स्टँडर्डच्या वर जात असेल, तर कुटुंबाचा एकूण वाटा उत्पन्नाच्या 40 टक्क्यांवर जाता कामा नये. इथे ती मर्यादा 760 होते. आमचे 2,600 त्यात बसत होते (कुटुंबाचा वाटा 730 झाला असता), पण 2,650 मागितले असते तर 780 होऊन अर्ज तिथेच अडला असता, भाडं बाजाराला धरून असलं तरी.

याच सुमारास एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवलं, "कागदावर 2,450 दाखवा आणि वरचे दीडशे बाईंकडून रोख घ्या. सगळे घेतात." असं करू नका. मंजूर भाड्यावर एक डॉलरही वेगळा घेतला तर तो कराराचा भंग आहे आणि सरकारी पैशातली लबाडी म्हणून धरला जातो. शिवाय ज्या कुटुंबाचा वाटा त्याला झेपावा म्हणून मोजून ठरवलाय, त्याच्याकडून दीडशे काढणं म्हणजे मुलांच्या जेवणातून काढणं. मला त्या सूचनेचा राग आला होता आणि अजूनही येतो.

डिपॉझिट भाडेकरूच भरतो. न्यू जर्सीत ते दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि व्याज देणाऱ्या वेगळ्या खात्यात ठेवावं लागतं. आम्ही एक महिन्याचं घेतलं, तेही दोन हप्त्यांत.

इन्स्पेक्शन

घर आम्हाला स्वच्छ, नीटनेटकं वाटत होतं. तेरा वर्षं आम्हीच त्यात राहिलो होतो. पण एजन्सी आधी घर तपासते. तिचे इन्स्पेक्टर मार्चच्या अखेरीस आले, पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. प्रत्येक खोलीत खिडकी वर सरकवून हात सोडायचे. मागच्या बेडरूमची खिडकी धप्पकन खाली आली. त्यांनी कागदावर खूण केली. बेसमेंटच्या जिन्याला एका बाजूने भिंत, दुसऱ्या बाजूने काहीच नाही. चार किंवा जास्त पायऱ्या असल्या की कठडा हवा. दुसरी खूण. वॉटर हीटरच्या सुरक्षा-व्हॉल्व्हला खाली जमिनीकडे येणारा पाइपच नव्हता. व्हॉल्व्ह उडाला तर उकळतं पाणी थेट समोरच्या माणसाच्या अंगावर. त्या हीटरच्या शेजारी उभं राहून मी तेरा वर्षं कपडे धुतले.

मग ते मागच्या पडवीच्या खिडकीपाशी वाकले. खिडकीच्या खालच्या चौकटीवर अंगठा दाबून फिरवला आणि अंगठा मला दाखवला. पांढरे, नखाएवढे पापुद्रे चिकटले होते. "घर छप्पन सालचं?" मी हो म्हणाले. "मुलं सहा वर्षांखालची?" बाईंचा धाकटा चार वर्षांचा होता. घरांसाठीच्या रंगात शिसं घालायला अमेरिकेत 1978 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात सुटलेला रंग म्हणजे शिसं असू शकतं, आणि चार वर्षांचं मूल खिडकीच्या चौकटीला हात लावून तोच हात तोंडात घालतं. मला आमचा मुलगा त्याच खिडकीत बसून गाड्या मोजायचा ते आठवलं. त्या दिवशी मी बाकी काही ऐकलं नसेल.

नवऱ्याने संध्याकाळी खरवडणी आणि सँडपेपर काढला. नशीब, मी आधी चौकशी केली होती. भाड्याच्या जुन्या घरात असा रंग खरवडायला मालकालाही पर्यावरण खात्याचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर पसरते. प्रमाणपत्र असलेला रंगारी बोलावला. त्याने जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, कडा टेपने बंद केल्या, पाणी फवारून ओलाच रंग खरवडला, मग रंग दिला. एका खोलीत दोन चौरस फुटांहून जास्त रंग सुटलेला असेल तर नंतर धुळीचे नमुने तपासावे लागतात. आमचा त्याहून जास्त होता, म्हणून तेही केलं. न्यू जर्सीत तर 2022 च्या जुलैपासून 1978 आधीच्या बहुतेक भाड्याच्या घरांना शिशाची तपासणी सक्तीची आहे, भाडेकरू व्हाउचरचा असो वा नसो. म्हणजे हे काम आम्हाला कसंही करावं लागणार होतंच.

रंग, कठडा, पाइप, खिडकी मिळून खर्च 1,870 डॉलर. दुसऱ्या तपासणीत घर पास झालं, 21 एप्रिलला. पास होण्याआधीच्या दिवसांचं भाडं एजन्सी देत नाही. बाई मधल्या काळात बहिणीकडे चार जणांनिशी एका खोलीत राहत होत्या आणि "सामान आधी आणून टाकू का?" असं दोनदा विचारलं. मला नाही म्हणावं लागलं, ते जड गेलं. पण पास होण्याआधी राहायला आल्या असत्या तर त्या दिवसांचं पूर्ण भाडं त्यांच्या गळ्यात पडलं असतं.

1 मे 2023 ला लीज सुरू झालं. पहिलं लीज बहुधा वर्षाचं असतं. आमचा बाईंशी एक करार, एजन्सीशी दुसरा. लीजला हडचं एक परिशिष्ट जोडतात आणि लीजमध्ये काही वेगळं असलं तर परिशिष्टाचं चालतं.

पैसे अडले ते कुठे

मे महिन्यात बाईंचे 320 एक तारखेला आले. एजन्सीचे 2,130 आले नाहीत. जूनमध्येही बाईंचे आले, एजन्सीचे नाहीत. मी फोन करत राहिले. दर वेळी वेगळी व्यक्ती, दर वेळी "प्रोसेसमध्ये आहे." शेवटी स्वतः ऑफिसात जाऊन बसले तेव्हा एका कर्मचारी बाईंनी फाइल उघडून दाखवली. घराच्या खरेदीखतावर आमची दोघांची नावं, कराच्या फॉर्मवर माझं, आणि बँक खातं फक्त नवऱ्याचं. कोणी तरी त्यावर पिवळी चिठ्ठी लावून फाइल बाजूला ठेवली होती. आम्हाला कळवण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. नवे फॉर्म तिथेच भरले आणि 27 जूनला दोन्ही महिन्यांचे पैसे एकदम जमा झाले.

करार पुन्हा वाचला तर त्यात पहिले दोन महिने सोडूनच उशिराच्या दंडाची गोष्ट आहे. म्हणजे सुरुवातीचा उशीर त्यांनी धरूनच ठेवलाय. ज्याच्याकडे दोन हप्त्यांची शिल्लक नाही, त्याने व्हाउचरवर घर देण्याआधी ती उभी करावी. आमच्याकडे होती म्हणून निभावलं.

या दोन महिन्यांत नवऱ्याच्या तोंडून एकदा निघालं, "मग बाईंनाच मागू या का?" मागता येत नाही. एजन्सीचा वाटा आला नाही तर तो भाडेकरूचा दोष नाही, त्यावरून त्याला काढताही येत नाही. बाईंनी आपलं सगळं पहिल्या तारखेला दिलं होतं.

2024: बाईंचे तास कमी झाले

माझं मत खरं बदललं ते 2024 च्या फेब्रुवारीत. नर्सिंग होमने बाईंचे तास कमी केले. त्यांनी मला फोन केला आणि त्याच आठवड्यात एजन्सीला पगाराच्या चिठ्ठ्या नेऊन दिल्या. एप्रिलपासून त्यांचा वाटा 320 चा 140 झाला आणि एजन्सीचा 2,130 चा 2,310. आमचे 2,450 तसेच्या तसे. साध्या भाडेकरूचे तास कमी झाले की पहिला फटका भाड्याला बसतो, मग दोघांची तोंडं कडू होतात. इथे उत्पन्न घटलं ते एजन्सीने भरून काढलं आणि बाईंच्या घरात रात्री कोणी रडलं असेल तर ते निदान घर जाईल या भीतीने नव्हे.

त्याच वर्षी मी एक चूक केली. भाडंवाढ मागायची तर वाढीच्या तारखेआधी किमान 60 दिवस एजन्सीला लेखी कळवायचं. मी 20 मार्चला पत्र टाकलं, मेमध्ये वाढ हवी म्हणून. दिवस भरले फक्त 42. आमच्या एजन्सीत वाढ कराराच्या वर्षदिनीच करतात, त्यामुळे पूर्ण वर्ष गेलं. 2025 साठी फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच पत्र आणि आजूबाजूच्या घरांचे आकडे पाठवले. 2,650 मागितले, 2,575 मिळाले.

2025: अठरा दिवसांचे पैसे

करार चालू असताना एजन्सी किमान दर दोन वर्षांनी घर तपासते. आमची पाळी एप्रिल 2025 मध्ये आली, आणि नेमके तेव्हा बाबा पुण्यात हॉस्पिटलमध्ये होते. मी तिकडे. मागच्या दाराचं कुलूप नीट लागत नाही म्हणून घर नापास झालं. बाईंनी मला मेसेज केला होता, "इन्स्पेक्टर कुलपाबद्दल बोलून गेले." आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून मी उत्तर दिलं, "आल्यावर बघते." कुलपासारखी क्षुल्लक गोष्ट, असं वाटलं. त्याला मुदत आहे हे डोक्यातच आलं नाही. मुदतीचं पत्र पोस्टात अडकून पडलं होतं, कारण जाताना आम्ही घरची टपाल थांबवून गेलो होतो.

जिवाला धोका असेल तर 24 तास आणि बाकीच्या दुरुस्त्यांना 30 दिवस मिळतात. ते उलटले की एजन्सी आपला वाटा थांबवते आणि थांबलेल्या दिवसांचे पैसे नंतर मिळत नाहीत. बाईंकडूनही मागता येत नाहीत, आणि मागायची माझी हिंमतही झाली नसती. 1 जूनपासून पैसे बंद, 19 जूनला घर पास. एजन्सीचा वाटा तेव्हा 2,200 होता (बाईंचे तास परत वाढून त्यांचा 375 झाला होता). अठरा दिवसांचे 1,320 डॉलर गेले, चाळीस डॉलरच्या कुलपापायी. इथे एजन्सीला बोल लावता येत नाही. आता आम्ही गावाला जातो तेव्हा शेजारच्या ओळखीच्या एकाला लेखी अधिकार देऊन, एजन्सीकडे त्याचं नाव नोंदवून जातो.

घराची 'वाट' लागली का? दिवाणखान्याच्या भिंतीवर धाकट्याने क्रेयॉनने रेल्वे काढलीय, स्वयंपाकघराच्या एका ड्रॉवरची पट्टी निघालीय. आमच्या मुलाने याहून जास्त केलं होतं. भाडेकरूने केलेल्या मोडतोडीचे पैसे सर्वसाधारण भाडेकरूकडून वसूल करतो तसेच डिपॉझिटमधून घेता येतात. मोडतोडीची हमी एजन्सी देत नाही, हे मात्र धरून चालावं. शिवाय न्यू जर्सीत आता भाड्याच्या घराला किमान 5 लाख डॉलरचा दायित्वविमा लागतो. तो आम्ही पहिल्याच महिन्यात वाढवून घेतला होता. टॅक्स भरताना एजन्सीचे आणि बाईंचे दोन्ही पैसे भाड्याचं उत्पन्न म्हणूनच दाखवतो, बाकी कुठल्याही भाड्यासारखे.

ऑक्टोबर

1 ऑक्टोबर 2025 ला केंद्र सरकारचं शटडाउन (खर्चाला मंजुरी नसल्याने कामकाज बंद) सुरू झालं, ते 12 नोव्हेंबरपर्यंत, 43 दिवस चाललं. ऑक्टोबरचे पैसे आले. नोव्हेंबरचं काय, याची एजन्सीच्या फोनवर कोणी हमी देईना. 28 तारखेला संध्याकाळी बाईंचा फोन आला. त्यांनी कॅलेंडर बघितलं होतं. म्हणाल्या, "नाही आले तर तुम्ही काय कराल, ते मला आत्ताच सांगा. मुलांना मी आधी सांगू शकेन."

मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे दोन हप्त्यांची शिल्लक आहे, आणि करारात तुमचा वाटा 375 आहे, तेवढाच तुमच्याकडून घेईन. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, मागच्या पडवीतला दिवा लागत नाही, सवड झाली की बघा.

3 नोव्हेंबरला सकाळी 2,200 जमा झाले. मी त्यांना खात्याचा फोटो पाठवला आणि शनिवारी दिव्याचा होल्डर घेऊन गेले.